कातडीबचाऊ

मराठीत ‘कातडीबचाऊ’ ही शिवी आहे. स्वतःला वाचवून दुसऱ्याला पुढे करणाऱ्याला आपण ती देतो. मोटरसायकलवाल्याचं जॅकेट मात्र शब्दशः कातडी वाचवण्यासाठीच असतं. गाडीवरून पडलेला माणूस डांबरावर घासत जातो. आधी शर्ट फाटतो, मग त्वचा सोलली जाते. त्या दोन-तीन सेकंदांत आपल्या आणि रस्त्याच्या मध्ये दुसरं काहीतरी हवं. ते कशाचं असावं आणि कोणाच्या जिवावर, हा प्रश्न पहिलं जॅकेट घेणाऱ्या प्रत्येकासमोर येतो. फक्त दुकानात तो ‘लेदर की टेक्स्टाइल’ एवढाच दिसतो.

आधी सुरक्षेचं बोलू, कारण तीच नसेल तर बाकी चर्चा फुकट. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. कायद्याने हेल्मेट सक्तीचं आहे, जॅकेट नाही. चांगलं जाड लेदर घासण्याला उत्तम तोंड देतं, पण ते जड, महाग आणि पावसात सांभाळायला कठीण. टेक्स्टाइल हलकं असतं, जाळीचं असेल तर वारा खेळतो, पण एकदा जोरात घसरलात की बहुतेक वेळा ते बाद होतं. युरोपातलं ‘ईएन १७०९२’ हे मानक ट्रिपल ए, डबल ए, ए अशा श्रेणी देतं, आणि त्या कच्च्या मालाला नसतात, तयार कपड्याला असतात. म्हणजे चांगलं टेक्स्टाइल जॅकेट वाईट शिवणीच्या लेदरला सहज मागे टाकू शकतं.

आता दुसरा प्रश्न. अनेक जण म्हणतात, ‘मी लेदर घेणार नाही, त्यात जीव जातो.’ ही भावना खोटी नाही. ‘जनावर मांसासाठी मरतंच, कातडं फुकट जाण्यापेक्षा वापरलेलं बरं’ हे उत्तरही अर्धंच आहे. कातड्याला भाव मिळतो आणि तो भाव त्या धंद्याच्या हिशोबात धरलेला असतो. शिवाय आजचं बहुतांश चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलं जातं. कानपूरच्या जाजमऊमधल्या कारखान्यांचं सांडपाणी आणि गंगा यांची गोष्ट नवी नाही.

म्हणून टेक्स्टाइल निर्मळ ठरतं का? हे विचारायला भिवंडीच्या धामणकर नाक्याइतकी योग्य जागा नाही. आजूबाजूच्या गल्ल्यांत शिरलात की यंत्रमागांची खटखट ऐकू येते. मागावरचा कामगार बारा-बारा तास उभा असतो, शेजारच्याशी ओरडून बोलतो, आणि मजुरी मीटरवर मोजून घेतो. त्यातले बरेच जण उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले. २१ सप्टेंबर २०२०च्या पहाटे याच परिसरातल्या पटेल कंपाउंडमधली ‘जिलानी’ ही तीन मजली इमारत झोपलेल्या कुटुंबांवर कोसळली. चाळीसच्या आसपास माणसं गेली. तुमच्या जॅकेटचं जाड नायलॉन भिवंडीत विणलेलं असेलच असं नाही. इथे मुख्यतः साधं ग्रे कापड निघतं. पण कापड म्हणजे ‘कोणाला इजा न करणारी वस्तू’ असं या नाक्यावर उभं राहून म्हणता येत नाही. त्यात नायलॉन आणि पॉलिएस्टर खनिज तेलातून येतात, आणि फेकल्यावर शेकडो वर्षं मातीत मिसळत नाहीत.

म्हणजे शुद्ध पर्याय शोधायला निघालात तर हाती काही लागत नाही. मला वाटतं, शोधच चुकीचा आहे. शुद्ध-अशुद्धाची भाषा चामड्याच्या बाबतीत आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिने प्राण्यांना कधीच वाचवलं नाही. तिने फक्त चांभार आणि ढोर समाजाला गावाबाहेर ठेवलं. जोडा आणि मोट सगळ्यांना हवी होती. ती बनवणारा हात नको होता. म्हणूनच बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढायचं काम सोडा, असं आपल्या माणसांना सांगितलं. आणि जुलै २०१६मध्ये गुजरातमधल्या उना इथे मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना जाहीर मारहाण झाली. ‘मी चामड्याला हात लावत नाही’ हे वाक्य आपल्या देशात केवळ प्राणिप्रेमाचं असू शकत नाही. ते बोलताना आपण नक्की कोणापासून लांब होतोय, हे एकदा तपासावं.

मग निवड कशावर करायची? आपल्याच भाषेत एक वाक्प्रचार आहे: ‘माझ्या कातड्याचे जोडे करून घातले तरी तुमचे उपकार फिटणार नाहीत.’ जॅकेटकडे मी असंच बघतो, एक न फिटणारं ऋण म्हणून. ऋण झालंय हे मान्य केलं की प्रश्न बदलतो. आपण किती स्वच्छ आहोत यापेक्षा घेतलेलं वाया तर जात नाही ना, हे महत्त्वाचं होतं.

आणि जॅकेट वाया जातं ते न घातल्याने. मे महिन्यात धामणकर नाक्यावर सिग्नलला ट्रक आणि टेम्पोंच्या मध्ये उभं राहून बघा. काळं लेदर कितीही देखणं असलं तरी तिसऱ्या दिवशी ते कपाटात जाईल. मग जनावर गेलं, पाणी नासलं, पैसे गेले, आणि तुमची कातडी उघडीच राहिली. रोज भिवंडी-ठाणे करणाऱ्याने जाळीचं, खांद्या-कोपरांना नीट पॅड असलेलं, श्रेणी छापलेलं टेक्स्टाइल घ्यावं. थंड हवेत लांबचे पल्ले मारणाऱ्याने लेदर घ्यावं, तेल-पॉलिश करून पंधरा वर्षं वापरावं, उसवलं तर चर्मकाराकडे शिवून घ्यावं आणि त्याने मागितलेली मजुरी घासाघीस न करता द्यावी. दोघेही बरोबर आहेत. चुकतो तो फोटोपुरतं घेणारा.

एक गोष्ट तरीही सुटत नाही. भिवंडीच्या गोदामांतून निघालेलं पार्सल शेवटी एखादा तरुण दुचाकीवरून दारात आणून देतो. ऑनलाइन मागवलं असेल तर तुमचं जॅकेटही तोच आणतो. त्याच्या अंगात कंपनीचं नाव छापलेला पातळ टी-शर्ट असतो. रस्त्यावर तो तुमच्या-माझ्याहून जास्त तास असतो आणि मिनिटांवर धावतो. चांगल्या जॅकेटची किंमत त्याच्या कित्येक दिवसांच्या कमाईइतकी आहे. आपण लेदर की टेक्स्टाइल यावर आठवडाभर विचार करू शकतो. त्याच्या कातडीचा विचार ना कायद्याने केलाय, ना ऑर्डर देणाऱ्याने. ‘कातडीबचाऊ’ ही शिवी खरी ठरायची नसेल, तर जॅकेट निवडून झाल्यावर हा प्रश्नही आपलाच आहे.