शस्त्र आणि चारा

आम्ही बदलीवर हावड्यास होतो तेव्हा आमच्या घरामागे एक खटाल होता; गुरांच्या गोठ्यास तिकडे खटाल म्हणतात. तेथील एका गायीच्या लघवीतून रक्त व पू जाऊ लागला. एक मूत्रपिंड सडले आहे, ते काढले तर गाय जगेल, असे जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले. गवळ्याने आम्हांस विचारले, "बाबू, काय करू?" त्या गायीचे दूध आमच्याच चहात पडत होते. आम्ही तत्काळ म्हणालो, "शस्त्रक्रिया कर."

शास्त्राच्या दृष्टीने सल्ला चुकीचा नव्हता. रोग एकाच बाजूस आहे व दुसरे मूत्रपिंड निरोगी आहे, याची खात्री रक्त व लघवी तपासून आधी करून घेतात. मग गाय उभी असतानाच कण्यालगत सुया टोचून कूस बधिर करतात. कोठीपोटाच्या भाराने डावे मूत्रपिंडही उजवीकडे ढकललेले असते, म्हणून छेद बहुधा उजव्या कुशीत घेतात. रक्तवाहिन्या बांधून सडका भाग काढला, की उरलेले मूत्रपिंड हळूहळू वाढून दोघांचे काम करू लागते. हायडेलबर्गच्या गुस्टाव्ह सिमोन यांनी 1869 मध्ये एका स्त्रीचे मूत्रपिंड काढले, त्यापूर्वी एकावर जीव तगतो हे त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिले होते. म्हणजे या विद्येबाबत मनुष्यच पशूंचा ऋणी आहे.

परंतु पशूची संमती कोणी घ्यावयाची? रोगी मनुष्य आपल्या वेदनेचा अर्थ जाणतो. गाय केवळ वेदना जाणते. तेव्हा तिच्या वतीने निर्णय करणाऱ्याने आपला हेतू तपासून पाहिला पाहिजे. कोणी म्हणेल, दुधासाठी का होईना, जीव वाचला ना? खरे आहे; स्वार्थमिश्रित दया ही दया नव्हेच, असे आम्ही म्हणत नाही. मात्र तिची कसोटी दूध आटल्यावर लागते.

साबरमतीच्या आश्रमात 1928 मध्ये असाध्य रोगाने तळमळणाऱ्या एका वासरास गांधीजींनी मरण देवविले व त्यावरून मोठा गदारोळ उडाला. तो निर्णय कोणास पटो वा न पटो. त्याचा भार त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतला, दुसऱ्यावर ढकलला नाही.

आम्ही काय केले? शस्त्रक्रिया झाली, जखम भरली, पण दूध पूर्ववत आले नाही. गवळी एकदा दारात येऊन उभा राहिला. आम्ही दुसऱ्या खटालातून दूध आणू लागलो होतो. पुढे चार महिन्यांत आमची बदली झाली आणि त्या गायीचे काय झाले ते आम्ही कधी विचारले नाही.

फाईलवर शेरा मारावा, ती पुढे सरकवावी आणि परिणाम भोगावयास दुसरे कोणी असावे, ही आपल्या पेशाची सवय आहे. ती आम्ही एका मुक्या जीवाच्या बाबतीतही सोडली नाही. 'काप' म्हणण्याचा अधिकार त्यालाच, जो पुढचा चारा घालावयास तयार आहे, हे आम्हांस उशिरा उमगले. त्या दिवशी गवळ्याला सल्ला देताना दोन महिन्यांच्या वैरणीचे पैसेही दिले असते, तर आज हा लेख लिहिताना लेखणी इतकी अडखळली नसती.