पाच घरांची माधुकरी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या गुरुवारी आरती झाली, प्रसाद वाटून झाला, आणि बाहेर चपला शोधता शोधता एका काकांनी विषय काढला. "हे व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम आपल्यासारख्याच्या काही कामाचं आहे का? की काढूनच टाकावं फोनमधून?" शेजारचा तरुण लगेच म्हणाला, "काका, माझी नोकरी लिंक्डइनवरून लागली. काढू कसं?" एक ताई म्हणाल्या, "माझ्या दिवाळी फराळाच्या सगळ्या ऑर्डरी ग्रुपवरच येतात. बंद केलं तर चकल्या विकू कुणाला?" सगळे हसले, काकाही हसले. पण प्रश्न तिथेच राहिला. म्हणून आजच्या पत्रात तोच घेतला आहे.

महाराज यावर काय म्हणाले असते, ते आपण आपल्या पदरचं सांगू नये. त्यांनी जो ग्रंथ आपल्या हाती दिला, त्यात बघू या.

नाथमहाराजांनी 1573 साली काशीत पूर्ण केलेलं एकनाथी भागवत आपल्यापैकी बऱ्याच घरांत वाचलं जातं. त्यात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. पृथ्वी, वारा, आकाश यांच्याबरोबर त्या यादीत पतंग आहे, हरीण आहे आणि भ्रमरही आहे. पतंग उजेड बघतो आणि झेपावतो. हरीण गाणं ऐकतं आणि पारध्याच्या हाती सापडतं. रात्री साडेबाराला अंथरुणात "आता शेवटचा एक" म्हणत आपण व्हिडिओ सरकवत बसतो, तेव्हा आपण कोणाची दीक्षा घेतलेली असते, हे ज्याचं त्याने बघावं. अवधूताने पतंगाला आणि हरणाला गुरू केलं ते असं वागू नये हे शिकण्यासाठी.

भ्रमराचं मात्र तसं नाही. तो पुष्कळ फुलांवर जातो, पण कुठल्याही फुलाला न दुखवता थोडा थोडा रस घेतो. यावरूनच भिक्षेला माधुकरी म्हणतात. पाच घरं, ठरलेली वेळ, पोटापुरतं अन्न. मिळालं तर आनंद, नाही मिळालं तर पुढचं दार. आणि साठवण नाही, कारण साठवणाऱ्या मधमाशीचं पोळं शेवटी दुसराच कोणी घेऊन जातो, हेही अवधूत तिथेच सांगतात.

काकांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. चार ओळखीच्या दारांवर जाऊन गरजेपुरतं मागणं यात कमीपणा नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत कितीतरी गरीब मुलं वार लावून आणि माधुकरी मागून शिकली. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. त्या काळचं ते नेटवर्कच होतं म्हणा ना! आज एखादा मुलगा लिंक्डइनवर लिहितो, "मला काम हवं आहे, एवढं एवढं येतं." तो दारात उभा राहिलेला विद्यार्थीच आहे. 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्या इंदुरात बेड कुठे आहे, सिलेंडर कुठे मिळेल, हे लोकांनी एकमेकांना याच फोनवरून कळवलं. त्या दिवसांत फोन खाली न ठेवणाऱ्याला कोणी आसक्त म्हटलं नाही. ताईंच्या चकल्याही तशाच. प्रामाणिक मालाची चार जणांना वर्दी देणं हा व्यवहार आहे, त्यात दोष कसला?

पण माधुकरीला दोन बाजू असतात. एक झोळी पुढे करणारा, दुसरा तीत वाढणारा. ग्रुपवर आपण दोन्ही असतो. घेताना आपण जपून असतो, वाढताना मात्र मागचा-पुढचा विचार करत नाही. उरलेल्या निम्म्या उत्तरासाठी एक जड गोष्ट सांगावी लागते.

आपल्याकडून मुंबई रस्त्याने सेंधवा ओलांडला की पुढे धुळे जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. 1 जुलै 2018, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण तिथे आले होते. गावोगाव फिरून भिक्षा मागायची, त्यावर संसार चालवायचा, अशी ही माणसं मंगळवेढ्याकडून आलेली. दुष्काळात सरकारी कोठार रयतेला उघडून देणाऱ्या दामाजीपंतांचं ते मंगळवेढं. त्या दिवसांत मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या भागात सगळीकडे पसरले होते. बाजारातल्या लोकांना वाटलं, हेच ते. जमावाने पाचही जणांना मारून टाकलं.

दत्तमहाराज दुपारी भिक्षेला कोल्हापुरात येतात, अशी आपली श्रद्धा. दारी आलेला कोण असेल सांगता येत नाही, म्हणून आपण कोणाला रिकाम्या हाती पाठवत नाही. आणि त्या रविवारी भिक्षा मागणाऱ्यांच्या झोळीत काय पडलं?

मारणाऱ्यांचा न्याय कोर्टाने करावा. आम्हाला अस्वस्थ करतात ती दुसरी माणसं, ज्यांनी तो मेसेज फक्त पुढे पाठवला. त्यांनी कोणाला दगड मारला नाही. त्यांना वाटलं असेल की लेकरांच्या काळजीपोटी आपण चांगलंच काम करतोय. त्याच वर्षी देशभर फिरलेला मूल पळवण्याचा एक व्हिडिओ खरं तर कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जाहिरात होती. शेवटी मोटरसायकलवाले मूल परत आणून सोडतात, तेवढा भाग कोणीतरी कापला होता. कापलेलं तेवढं घरोघर पोचलं. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात बंधन जाहीर केलं की मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल. पाचच घरं! आपल्याकडे ही मर्यादा माधुकरी मागणाऱ्याला शिकवावी लागत नव्हती. कंपनीला ती सुचली माणसं गेल्यावर.

हे दूरचं उदाहरण झालं. आता आपल्याच घरातलं. मध्यंतरी आपल्या एका ग्रुपवर लहान मुलासाठी रक्त हवं असल्याचा मेसेज आला. रक्तगट, हॉस्पिटल, वडिलांचा नंबर, सगळं होतं. तारीख नव्हती. आम्ही तो बघितला आणि पुढच्या मिनिटाला सगळ्या शाखांच्या ग्रुपवर टाकला. रात्री एका गुरुबंधूंनी रक्त द्यायला म्हणून त्या नंबरवर फोन लावला. बाईंनी उचलला. म्हणाल्या, "भैया, त्याला जाऊन आठ महिने झाले. रोज कोणी ना कोणी फोन करतं." एवढंच बोलल्या, रागावल्यासुद्धा नाहीत. आम्ही सेवा समजून जे वाढलं होतं, ते त्या माऊलीच्या पदरात असं पडलं. एक फोन आधी आम्हीच करायचा होता.

आपलं इंदूर 2017 पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं. सकाळी कचरागाडीचं गाणं वाजलं की घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं, ओला इकडे, सुका तिकडे. राजवाड्यासमोर कागद टाकायला आपला हात धजत नाही. मग त्याच हाताने ग्रुपवर न निवडता काहीही कसं टाकतो? घरातला कचरा निवडायला शहर शिकलं, फोनमधला निवडायला आपण शिकू या.

म्हणून परिवारातल्या सर्वांना विनंती, हे पाच नियम एका चातुर्मासापुरते तरी पाळून बघावेत.

*पहिला:* सकाळचं नामस्मरण होईपर्यंत फोन हातात घ्यायचा नाही, आणि रात्री दिवा मालवला की फोनही बाजूला.

*दुसरा:* ग्रुप मोजके ठेवा. नोकरी-धंद्याचे, घरचे, परिवाराचे. बाकीच्यांतून नमस्कार करून बाहेर पडा.

*तिसरा:* पुढे पाठवण्याआधी तारीख बघा, दिलेल्या नंबरवर स्वतः फोन करा. खात्री होत नसेल तर तो मेसेज आपल्यापाशीच थांबू द्या. मदत मिळाली, मूल सापडलं, की तेही तितक्याच तत्परतेने कळवा.

*चौथा:* "11 जणांना पाठवा, महाराजांची कृपा होईल, नाहीतर संकट येईल" असले मेसेज महाराजांच्या फोटोसह आले तरी पाठवू नका. पूर्वी हे पोस्टकार्डावर यायचं. कृपा मोजून वाटत नाहीत आणि गुरू शिष्याला भीती घालत नाहीत.

*पाचवा:* कोणी पोलीस म्हणून व्हिडिओ कॉलवर "तुम्हाला अटक केली आहे" असं म्हणाला तर फोन ठेवा. अशी अटक कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर कळवा. आपल्या ज्येष्ठांना हे समोर बसून समजावून सांगा, कारण त्यांना गाठणारे हे लोक दारावर येत नाहीत, फोनमधूनच घरात शिरतात.

काका, फोनमधून काढून टाकायची गरज नाही. झोळी वाईट नसते. आपण तीत काय घेतो आणि दुसऱ्याच्या झोळीत काय वाढतो, तेवढं डोळ्यांत तेल घालून बघायचं.

आणि शेवटी एक काम. त्या मुलासाठी रक्त हवं असल्याचा तो मेसेज आपल्यापैकी कोणाच्या फोनमध्ये अजून असेल. आज हे पत्र वाचून झालं की तो शोधा आणि पुसून टाका. ज्यांना तुम्ही पाठवला होता, त्यांनाही तसं कळवा. या गुरुवारची सेवा हीच.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏