कानामागून आलेलं

कानामागच्या हाडाची आठवण आपल्याला फार तर चष्म्याची काडी रुतली की होते. त्या हाडाला स्वतःचं काही म्हणणं असेल, असं मनातही येत नाही.

फायब्रस डिसप्लेशिया नावाच्या हाडाच्या विकारात ते म्हणू लागतं. पक्क्या हाडाच्या जागी तंतू आणि कच्चं हाड भरत जातं. सीटी स्कॅनवर ती जागा दुधी काचेसारखी दिसते. हा कर्करोग नव्हे, संसर्गही नव्हे. पण कर्णनलिका जेमतेम अडीच सेंटिमीटरची. तिच्या कडेचं हाड फुगलं की वाट चिंचोळी होते आणि त्या कानापुरतं जग लांब जातं. हे दुखणं बहुतेकदा लहानपणी सुरू होतं, वयात येताना वाढतं, पुढे मंदावतं.

डॉक्टर म्हणतात, ‘साधं आहे, घाबरू नका.’ दुखणं साधं असल्याचा निर्वाळा नेहमी दुसऱ्याचाच असतो.

*

असं दुखणं निघालेलं मूल बेंगळुरूला, आजी बेळगावला. फोनवर आजीचा पहिला प्रश्न: ‘हे आलं कुणाकडून?’ मग आईचं माहेर तपासलं जातं, बाबांच्या चुलत्यांची आठवण निघते, ग्रहणात हातात विळी धरली होती का इथवर चौकशी जाते. अशा चौकशा बहुधा सुनेपाशी येऊनच थांबतात.

विज्ञानाचं उत्तर १९९१ पासून हळूहळू स्पष्ट होत गेलं. जीएनएएस नावाच्या जनुकात एक अक्षर बदलतं. पेशीतलं एक बटण चालू होतं ते बंदच होत नाही. आणि हा बदल गर्भधारणेनंतर होतो, वाढत्या गर्भातल्या एखाद्याच पेशीत. तिच्या लेकी-नातींपुरता तो राहतो. लवकर घडला तर अनेक हाडं, कातडीवर कॉफीच्या रंगाचे डाग, ग्रंथींचा गोंधळ. उशिरा घडला तर एखादंच हाड. तो आईकडून येत नाही, बापाकडून येत नाही, पुढच्या पिढीत जात नाही.

म्हणजे सुटका. तरी घरात कुणी सुटकेचा श्वास सोडत नाही. दोष द्यायला कुणी असलं की दुःखाला निदान पत्ता मिळतो.

क्रोएशियातल्या क्रापिना इथे एका निएंडरथाल माणसाची बरगडी सापडली होती. तिच्यात हाच विकार असल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. वय एक लाख वीस हजार वर्षांहून अधिक. तेव्हा सुना नव्हत्या. तिथेही कुणावर तरी खापर फुटलंच असेल, असा माझा संशय आहे.

*

आवाज कुठून आला हे कळायला दोन कान लागतात. एक मिटला की ऐकू येतं, दिशा जाते. बेंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकात हॉर्न डावीकडून की उजवीकडून, हे अशा माणसाला कळत नाही. तिथे दोन्ही कान शाबूत असलेल्यांनाही कळत नाही, ते सोडा.

डॉक्टर नादकाटा वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवतात. नाद बुजलेल्या कानातच मोठा ऐकू येतो! हवेची वाट बंद, हाडाची चालू. आतल्या कानातला ऐकण्याचा शंख बहुधा धडच असतो. म्हणून हाडातून आवाज पोचवणारं श्रवणयंत्र इथे कामी येऊ शकतं. वाट अडवली हाडाने, वाट दिली तीही हाडानेच.

*

बेंगळुरूत अशा दुर्मीळ आजारांसाठी ‘रेसफॉरसेव्हन’ नावाची दौड होते. अंतर ७ किलोमीटर, कारण असे आजार सुमारे ७,००० मानले जातात. एकेक आजार दुर्मीळ. आजाऱ्यांची मात्र गर्दी. त्या गर्दीतही प्रत्येकाला नव्या डॉक्टरपुढे आपली कथा पहिल्यापासून सांगावी लागते.

*

बऱ्याचदा उपचार एवढाच: बघत राहणं. आपल्याकडे फी देऊन ‘काही करू नका’ ऐकणं ही फसवणूक वाटते. पण घाईची किंमत मोठी असते. शस्त्रक्रियेने रुंद केलेली नलिका पुन्हा आखडू शकते. किरणोपचार तर टाळतातच, कारण निरुपद्रवी हाड त्याने घातक वळण घेण्याची भीती असते.

बघत राहणं म्हणजे मात्र विसरून जाणं नव्हे. बंद नलिकेमागे कातडीचे पापुद्रे साचून गोळा होतो आणि तो आजूबाजूचं हाड खात सुटतो. तेव्हा चाकू टाळता येत नाही. म्हणून ठरल्या वेळी श्रवणचाचणी, लागेल तेव्हा स्कॅन, कानात पिन-काडी नाही, घरगुती तेलही नाही. आणि कान वाहू लागला, चक्कर आली किंवा चेहरा एका बाजूला ओढला गेला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना.