हलकी बंदूक, जड उत्तरदायित्व

अमेरिकेत वसंत ऋतूत रानटर्कीची शिकार चालते. मादीच्या आवाजाची नक्कल करून शिकारी नराला जवळ बोलावतो व त्याच्या डोक्यामानेवर छर्रे झाडतो. या कामी बारा बोअरची बंदूक रूढ होती. तिच्या नळीचा व्यास ०.७२९ इंच. अलीकडे अनेकजण अवघ्या ०.४१० इंच व्यासाची बंदूक पसंत करतात. हे शक्य झाले ते टंगस्टनमुळे. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ११ ग्रॅम, तर या नव्या छर्ऱ्यांची सुमारे १८. त्यामुळे बारीक छर्राही खोल शिरतो.

लहान शस्त्र स्वीकारणे हा संयम आहे काय? मल्ल एक हात बांधून कुस्ती खेळला, तर पराभव त्याचाच होतो. येथे मात्र नेम चुकला की किंमत पक्षी मोजतो. जखमी होऊन तो झुडपात शिरतो आणि तडफडत मरतो. दुसऱ्याच्या वेदनेवर उभारलेल्या आत्मसंयमाला संयम म्हणता येणार नाही.

तथापि लहान बंदूक सरसकट दोषी ठरत नाही. तिचा धक्का सौम्य असतो. किशोराचा वा वृद्धाचा नेम तिने अधिक स्थिर राहतो. पक्षी टप्प्यात येईपर्यंत थांबणारा, आणि न आल्यास चाप न ओढताच घरी परतणारा शिकारीच खरा संयमी. महागड्या काडतुसाच्या भरवशावर दूरचा नेम साधू पाहणाऱ्याने केवळ बंदूक लहान केली. अहंकार होता तेवढाच राहिला.

साधन कोणतेही असो, प्रश्न एकच: माझ्या चुकीचा भार कोण वाहणार?