न सांगितलेला टच-अप

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात कुणाकडे नवी गाडी आली की ती आधी कंकाली देवीपाशी किंवा पुरानी बस्तीतल्या महामायेच्या मंदिरापुढे उभी राहते. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक निघते, चाकांखाली लिंबे जातात, नारळ फुटतो, पेढे शेजारी पोचतात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात घरातले कुणीतरी ओले फडके घेऊन गाडी पुसायला लागते आणि मागच्या दारापाशी हात अडखळतो. पत्र्यावर बारीक खरखर लागते. बाजूच्या पत्र्याचा पांढरा आणि या दाराचा पांढरा यांत उन्हामुळे थोडा फरक दिसतो. शोरूमला फोन केला की उत्तर येते, "सर, रबिंग में निकल जाएगा." पाठपुरावा केला की आठवडाभराने दुसरे उत्तर येते: आमच्याकडून गाडी नीटच गेली होती, तुमच्या गल्लीत कुठेतरी घासली असेल.

हे दुसरे उत्तर जास्त बोचते, कारण ते खरेही असू शकते. आमच्या गल्ल्या मोटारींच्या आधीच्या आहेत. समोरून रिक्षा आली तर एकाला मागे सरावे लागते, आणि आरशाला भिंत लागणे इथे रोजचे आहे. शिवाय रायपूरच्या हवेत लोखंड आहे. सिलतरा आणि उरला इथल्या स्पंज आयर्न कारखान्यांची काजळी या शहराने वर्षानुवर्षे गच्चीवरच्या वाळवणांवरून झटकली आहे. लोखंडाचे बारीक कण ओलसर रंगावर बसून गंजले की पांढऱ्या गाडीवर तांबूस ठिपके उमटतात. ते ठिपके गाडी यार्डात उभी असताना पडले की आपल्या दाराशी, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. तेव्हा शोरूमवाला खोटेच बोलतो असे गृहीत धरून चालणार नाही. न्याय मागणाऱ्याने आधी एवढे मान्य केले पाहिजे.

पण काही गोष्टी ठरवता येतात. कारखान्यात गाडीचा नुसता सांगाडा रंगवला जातो. त्यात काच, रबर, वायरी, आसने काहीच नसते. म्हणून पहिला गंजरोधक थर 160 ते 180 अंश सेल्सिअसच्या भट्टीत पक्का करता येतो आणि सर्वांत वरचा पारदर्शक थर साधारण 140 अंशांवर. सगळे थर मिळून जाडी बहुधा 100 ते 150 मायक्रॉन भरते. तयार गाडीचे दार पुन्हा रंगवायचे तर ती भट्टी वापरता येत नाही, प्लास्टिक वितळेल, रबर खराब होईल. तिथे 60 ते 80 अंशांवर वाळणारा वेगळा रंग मारावा लागतो. तो जुन्या थरांवर चढतो आणि जाडी अनेकदा 200 मायक्रॉनच्या पुढे जाते. ही जाडी मोजणारे हातात मावेल एवढे यंत्र मिळते. चांगला पेंटर तर रबराच्या पट्टीखाली उडालेले रंगाचे तुषार पाहूनच सांगतो की हे दार दुसऱ्यांदा रंगलेले आहे.

रंग दुसऱ्यांदा लागणे यात पाप काहीच नाही. कारखान्यातून निघालेली गाडी ट्रेलरवरून किंवा मालगाडीतून शेकडो किलोमीटर येते, यार्डात उन्हापावसात उभी राहते, अनेक हातांतून हलवली जाते. कुठे ओरखडा उठेल, कुठे पोचा पडेल. तो नीट दुरुस्त करणे हे तर कर्तव्यच. माझा आक्षेप त्यानंतरच्या गप्प बसण्याला आहे.

या गप्प बसण्यावरचा जगातला सर्वांत गाजलेला खटला रंगाचाच आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम शहरातल्या एका डॉक्टरने 1990 साली 40,750 डॉलर देऊन नवी बीएमडब्ल्यू घेतली. त्याला तिच्यात काही खोट दिसली नाही. नऊ महिन्यांनी तो गाडी आणखी चमकवून घ्यायला एका कारागिराकडे गेला आणि त्या कारागिराने सांगितले, ही गाडी पुन्हा रंगवलेली आहे. जर्मनीहून येताना, बहुधा आम्लयुक्त पावसाने, वरचा रंग खराब झाला होता. कंपनीने 601 डॉलर खर्चून तो दुरुस्त केला होता. कंपनीचे धोरणच तसे होते: दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या 3 टक्क्यांच्या आत असेल तर गाडी नवी म्हणून विकायची आणि विक्रेत्यालाही काही कळवायचे नाही. अशा 983 गाड्या त्या देशात विकल्या गेल्या होत्या. ज्यूरीने डॉक्टरचे नुकसान 4,000 डॉलर धरले आणि कंपनीला 40 लाख डॉलरचा दंड ठोठावला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निम्मा केला. 1996 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तोही अवाजवी ठरवला, आणि शेवटी 50,000 डॉलरवर प्रकरण मिटले.

कायद्याचे विद्यार्थी हा खटला दंडाच्या मर्यादेसाठी वाचतात. मला त्यातला 3 टक्क्यांचा आकडा अस्वस्थ करतो. कंपनीने एका खोलीत बसून ठरवले की ग्राहकाला काय कळावे आणि काय कळू नये. रंगकाम उत्तम झाले असेल, डॉक्टरला नऊ महिने काही जाणवलेही नाही, म्हणजे डोळ्यांची फसगत झाली नाही असेही कुणी म्हणेल. पण पैसे त्याचे होते. दुरुस्त केलेली गाडी घ्यायची की नाही, घ्यायची तर किती कमी किमतीत, हा निर्णय त्याचा होता, आणि तो त्याच्या नकळत दुसऱ्या कुणीतरी घेऊन टाकला. रफू केलेला शालू दुकानदाराने रफू दाखवून निम्म्या किमतीत दिला तर आपण आनंदाने घेऊ. तोच घडीत लपवून पूर्ण किमतीला दिला तर रफू कितीही सुरेख असो, त्या दुकानात पुन्हा पाऊल टाकणार नाही.

आपल्याकडचा खटला गोव्यातला आहे. 2011 मध्ये तिथल्या एका ग्राहकाने टाटा मोटर्सच्या विक्रेत्याकडून नवी गाडी घेतली. पैसे 2011 च्या मॉडेलचे भरले. गाडी हाती आली तेव्हा कळले की चासी आणि इंजिनाचा क्रमांक 2009 च्या गाडीचा आहे, ती 622 किलोमीटर चाललेली आहे, खालच्या बाजूला गंज आहे आणि काचेवर व बॉडीवर ओरखडे आहेत. जिल्हा मंच, राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोग, तिन्ही ठिकाणी ग्राहक जिंकला आणि विक्रेता व कंपनी दोघांनाही जबाबदार धरले गेले. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी 2021 मध्ये न्यायालयाने कंपनीला मोकळे केले. कारण असे की कंपनी विक्रेत्याला गाडी विकून टाकते, दोघांचे नाते मालक-प्रतिनिधीचे नाही. विक्रेत्याने काय लपवले हे कंपनीला माहीत होते असा पुरावा असल्याशिवाय तिच्यावर बोट ठेवता येत नाही. विक्रेत्याची जबाबदारी कायम राहिली.

कायद्याच्या दृष्टीने हे नेमके असेल. नीतीच्या दृष्टीने मात्र मन मानत नाही. ग्राहक शोरूममध्ये जातो तो दारावरच्या पाटीवरचे कंपनीचे नाव पाहून. जाहिरात कंपनीची, विश्वास कंपनीवरचा, गाडीच्या नाकावरचे चिन्ह कंपनीचे. खोट निघाली की तो विक्रेत्याकडे जातो, विक्रेता म्हणतो कंपनीला मेल टाकला आहे, आणि कंपनीच्या ग्राहक सेवेतून गोड आवाजात सांगितले जाते की तुमच्या जवळच्या अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा. या दोन दारांमधल्या येरझाऱ्यांत माणूस थकतो आणि म्हणतो, जाऊ दे. मराठी मध्यमवर्गाला हे 'जाऊ दे' फार लवकर सुचते आणि आपण त्याला समंजसपणा मानतो. बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली तेव्हा ग्राहक संरक्षण कायदा यायला आणखी बारा वर्षे होती. कायदा हातात नसताना ती माणसे बोलत राहिली. आपल्या हातात कायदा आहे आणि आपण गप्प बसतो, तेव्हा तोच टच-अप केलेला पत्रा पुढच्या ग्राहकाला विनासायास विकला जातो. आपल्या गप्प बसण्याची किंमत आपल्याला माहीतही नसलेला कुणीतरी मोजतो.

बोलायचे कुणाशी, यालाही नीती आहे. आपला सगळा संताप बहुधा त्या पोराच्या वाट्याला येतो, जो टाय लावून आपल्याला चावी देतो आणि आपला फोटो काढतो. महिन्याचे टार्गेट त्याच्या डोक्यावर असते. यार्डात कोणत्या दाराला रंग लागला हे त्याला बहुतेक वेळा कुणी सांगितलेलेच नसते. त्याला चारचौघांत झापून आपल्याला हलके वाटते, पण ज्याने न सांगण्याचे ठरवले तो काचेच्या केबिनमध्ये सुरक्षित राहतो. तक्रार लेखी हवी, व्यवस्थापकाच्या नावे हवी, आणि सर्व्हिसच्या जॉब कार्डावर दोषाची नोंद झाल्याशिवाय गाडी दुरुस्तीला सोडू नये.

मागणी किती करावी, हाही प्रश्न आहेच. दाराच्या रंगासाठी अख्खी नवी गाडी मागणारे मी पाहिले आहेत. मारुती कंपनीच्या एका खटल्यात 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वॉरंटीतली जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलून देण्याची आहे, तेवढ्यावरून पूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. मला हे रास्त वाटते. झालेल्या नुकसानाएवढे मागावे. लपवले गेले असेल तर मात्र प्रश्न दाराचा उरत नाही. दुरुस्त केलेला किंवा जुना माल नवा म्हणून विकणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि तिथे भरपाई मागताना संकोच करण्याचे कारण नाही. 2004 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या खटल्यात, सदोष गाडी कोरी करकरीत म्हणून विकण्याला सर्वोच्च न्यायालयाने लाजिरवाणे म्हटले होते. न्यायाधीश असा शब्द सहज वापरत नाहीत.

आणि हाच नियम आपल्यालाही लागू आहे. चार वर्षे वापरलेली गाडी विकायला काढताना आपण काय करतो? बंपर रंगवून घेतो, दारावरचा पोचा काढतो, पॉलिश मारतो आणि घ्यायला आलेल्याला सांगतो, एकदम टापटीप, कुठे लागलेली नाही. तो घेणारा धमतरीहून किंवा महासमुंदहून साठवलेले पैसे घेऊन आलेला असतो. त्याने विचारले नाही म्हणून सांगितले नाही, हे आपले समर्थन असते, आणि त्या शोरूमच्या मालकाचेही नेमके तेच असते. आपल्या व्यवहारात जी सूट आपण घेतो ती दुसऱ्याला नाकारण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. पोच्याचा फोटो दाखवून दहा हजार कमी घेणारा माणूस माझ्या मते कंपनीला जाब विचारायला खरा लायक आहे.

आता थोडे व्यवहाराचे. नोंदणी झाल्याशिवाय, निदान तात्पुरती, विक्रेत्याला गाडी ताब्यात देता येत नाही. म्हणजे आपण हार घालून चावी घेतो तेव्हा गाडी कागदोपत्री आपली झालेली असते आणि परत करणे अवघड झालेले असते. पाहायचे ते त्याआधी. जानेवारीतल्या ऑटो एक्स्पोच्या सवलतीसाठी किंवा दसरा-धनत्रयोदशीच्या मुहूर्तासाठी घाई होते, आणि नेमकी त्याच दिवसांत शोरूमच्या पांढऱ्या दिव्यांखाली, रात्री आठ वाजता, ढीगभर गाड्या दिल्या जातात. दिव्याखाली रंगाचा फरक दिसत नाही. मुहूर्त चावी घेण्यापुरता ठेवावा, पाहणी दोन दिवस आधी उन्हात करावी.

एवढे करूनही फसलात, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तिथे सुटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 50 लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार तिथेच चालते, 5 लाखांपर्यंत शुल्क नाही आणि 5 ते 10 लाखांसाठी ते 200 रुपये आहे. गाडी नागपूरहून घेतली असली तरी रायपूरचा रहिवासी रायपुरातच तक्रार करू शकतो. दोष खरा की खोटा यावर वाद असेल तर आयोग तज्ज्ञ प्रयोगशाळेकडून तपासणी करवून घेऊ शकतो, त्यामुळे 'तुमच्या गल्लीत घासली' हे वाक्य शेवटचे ठरत नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

येत्या मुहूर्तावर तुमच्या घरी गाडी येणार असेल तर विक्रेत्याकडून एक ओळ त्याच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह मागा: या गाडीच्या कोणत्याही भागावर कारखान्याबाहेर रंगकाम झालेले नाही, झाले असल्यास कुठे, ते असे. 'झाले आहे' असे त्याने लिहून दिले तर त्याचा सन्मान करा, किमतीचे बोला आणि पटल्यास तीच गाडी घ्या. तो लिहून देतच नसेल, तर ती गाडी घेऊ नका.