रोग जोपासावा काय?

रविवार शाळेच्या शिक्षकांच्या बैठकीत एका बंधूंनी विचारले, "रोग बरे करावेत हे समजते. पण शास्त्रज्ञ तर रोगाचे विषाणू मुद्दाम वाढवितात, त्यांना खाऊपिऊ घालतात. हे योग्य आहे का?" काहीजण हसले. आम्हांस मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही.

हिपॅटायटिस सी या विषाणूचेच पाहू. तो रक्तावाटे पसरतो; एकाला टोचलेली सुई दुसऱ्याला टोचली तरी पुरे. माणूस वीस-वीस वर्षे धडधाकट दिसतो आणि आतल्या आत यकृत निबर होत जाते. 1989 साली मायकेल हॉटन, क्वी-लिम चू, जॉर्ज कुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषाणू ओळखला, पण तो त्याच्या जनुकांच्या एका तुकड्यावरून. प्रयोगशाळेत तो काही केल्या नीट वाढेना. आणि जो वाढविता येत नाही त्याच्यावर औषध पारखावे कसे?

मग तो वाढत होता कोठे? रुग्णांच्या देहात, आणि चिंपांझींच्या. माणसाखेरीज हा रोग नीट जडतो तो याच प्राण्याला. म्हणून त्यांना पिंजऱ्यात ठेवून विषाणू टोचीत आणि वारंवार त्यांचे रक्त घेत. 1997 साली चार्ल्स राइस यांनी, रोगास हाच विषाणू पुरेसा आहे, हे सिद्ध केले तेही चिंपांझींच्या यकृतात त्याची जनुके टोचूनच. तेव्हा रोग जोपासावा की नाही, असा प्रश्न नव्हताच. तो जोपासला जातच होता. कोणाच्या देहात, एवढाच काय तो प्रश्न होता.

1999 साली जर्मनीतील माइन्झ येथे फोल्कर लोमन व राल्फ बार्टेनश्लागर यांनी विषाणूच्या जनुकांचा काही भाग यकृताच्या पेशींत वाढवून दाखविला. त्यातून नवा विषाणू बाहेर पडत नसे, पण औषधे पारखण्याची सोय झाली. पुढे 2005 साली जपानचे ताकाजी वाकिता आणि त्यांचे सहकारी यांनी अख्खा विषाणूच काचेच्या भांड्यात वाढविला.

ज्या पेशींत हे घडले त्यांचे नाव एचयूएच-7. सत्तावन्न वर्षांच्या एका जपानी गृहस्थाच्या यकृतातील कर्करोगाच्या गाठीतून त्या आल्या. 1982 साली त्यांची माहिती प्रसिद्ध झाली. आणि विषाणू आला तो दुसऱ्याच एका जपानी रुग्णाकडून, ज्याचे यकृत या रोगाने झपाट्याने निकामी होऊ लागले होते. एकाची गाठ, दुसऱ्याचा रोग. हे दोघे एकमेकांस ओळखत असण्याचे काही कारण नाही. विषाणूला जेएफएच-1 म्हणतात; ती आद्याक्षरे देशाची आणि आजाराची आहेत, माणसाची नव्हेत.

पाच भाकरी देणाऱ्या मुलाचेही नाव शुभवर्तमानात नाही, हे आम्हांस आठवते. पण त्या मुलाजवळच्या भाकरी त्याला दिसत होत्या. आजारी माणसाला आपल्या गाठीचे पुढे काय होणार याची काय कल्पना? त्याचे नाव गुप्त राहावे हे योग्यच. आजार ही चव्हाट्यावर मांडण्याची गोष्ट नव्हे. मात्र नाव न सांगणे वेगळे आणि ऋण न मानणे वेगळे. आमच्या मते दोष असलाच तर तो विषाणू वाढविण्यात नाही, या दुसऱ्या गोष्टीत आहे.

कारण पुढची हकीकत अशी. या संशोधनाच्या आधारे औषधे निघाली. त्यांपैकी सोफोसबुविर 2013 साली अमेरिकेत विक्रीस आले, तेव्हा एका गोळीची किंमत 1000 डॉलर होती आणि बारा आठवड्यांचा खर्च 84,000 डॉलर. कंपनीला खर्च आला असेल, नफाही हवा, हे आम्ही नाकारीत नाही. पण ज्या दोघांच्या देहावर हे ज्ञान वाढले त्यांनी कशाचे बिल लावले होते?

हेच औषध पुढे परवाना घेऊन आपल्याकडील कारखाने करू लागले, त्यांत हैदराबादचेही आहेत, आणि किंमत कितीतरी खाली आली. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत या रोगाची तपासणी व औषध मोफत मिळते. बहुतेक रुग्णांना बारा आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात आणि शंभरांतले पंचाण्णवहून अधिक बरे होतात. बैठकीत प्रश्न विचारणाऱ्या बंधूंना आम्ही हे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आमच्या मेहुण्यांना फार वर्षांपूर्वी रक्त चढविले होते. त्यांची तपासणी करून घ्यावी म्हणतो."