थोडं अंतर राखा



गोव्यात रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते आणि मांडवी ओलांडून चोडण बेटाला लागते. डॉ. सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य याच बेटावर आहे. थंडीच्या दिवसांत पक्षी पाहायला माणसं इथे सकाळीच येतात.

ओहोटी लागली की खारफुटीच्या मुळांशी चिखल उघडा पडतो. दूर उत्तरेकडून आलेले चिखले आणि तुतवार हे पक्षी तिथे उतरतात. चोचीने चिखल टोचत भराभर खातात. कारण भरती आली, की हे वाढलेलं ताट पाण्याखाली जाणार असतं.

जाणता पक्षीनिरीक्षक अशा वेळी थोडं अंतर राखतो. आणखी एक पाऊल पुढे टाकलं, तर सगळा थवा उडेल. परतीच्या प्रवासासाठी साठवलेलं बळ उगाच खर्च होईल. म्हणून तो थांबतो. थोडं अंतर राखतो. आणि म्हणूनच त्याला पक्षी निवांत दिसतो.

मित्रहो, माणसांवर माया करतानाही थोडं अंतर राखावं. दुःखात असलेल्याला खोदून खोदून विचारू नये. वाढत्या मुलाच्या प्रत्येक पावलावर पहारा ठेवू नये. हाकेला ओ देता येईल इतकं जवळ मात्र असावं. ज्याला मोकळीक मिळते, तोच मन मोकळं करतो.

आज आपल्या एखाद्या माणसासाठी एवढं करा. त्याचं बोलणं पूर्ण होऊ द्या. त्याचा निर्णय त्याला घेऊ द्या. थोडं अंतर राखा. विश्वासाला वाढायला तेवढी जागा लागते.